नांदेडात तू कुठे गेली होतीस

शकू,

आपण तिघी परत आलो तेव्हा लातूरच्या स्टँडवर तू ऊस खाल्लास. पाठीवरची सॅक न उतरवता, उभ्याने, दातांनी सोलून. सत्तरी ओलांडलेल्या बाईने. हे मी आधी लिहून ठेवते, कारण आता भेटेल तो विचारतो, आजारी होत्या का? मी नाही म्हणते, तर लोकांना ते पुरत नाही. त्यांना रक्तदाब हवा असतो, साखर हवी असते, निदान धाप तरी. मी त्यांना ऊस सांगते. ते माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात.

मग तो फोन. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी सून सुवर्णा तुझ्याच मोबाइलवरून बोलत होती, त्यामुळे पडद्यावर तुझं नाव आलं आणि मी उचलताच म्हणाले, 'सॅक धुवायला टाकलीस का?' तिकडून रडणं ऐकू आलं. मला वाटलं तूच रडते आहेस, आणि मी त्याचंच नवल करत राहिले, कारण इतक्या वर्षांत तुला रडताना मी ऐकलं नव्हतं. सुवर्णा सांगत होती की आईंनी पूजा आटोपली, इष्टलिंग गळ्यात घातलं, चहा मागितला, आणि ती चहा घेऊन आली तर... मी ऐकत होते आणि तरी मनात हेच चाललं होतं की शकूला काय झालं रडायला.

हे मी तुला लिहिते आहे, पण वाचणार आहेत माझी नातवंडं, मीरा आणि नील, तिकडे मेलबर्नला. अडेल तिथे त्यांची आई वाचून दाखवेल. सॅक त्यांच्या होत्या, कल्पना त्यांची होती, आणि मीराने फोनवर मला विचारलं की आजी, आमच्यामुळे तर नाही ना झालं? नाही, मीरा. अजिबात नाही. म्हणूनच तर लिहायला बसले. तेव्हा शकू, तुला माहीत असलेलं बरंच काही मी यात पुन्हा सांगणार आहे. तू कंटाळू नकोस.

डिसेंबरात मुलं आली होती तेव्हा मीराने फोटो दाखवले. मैत्रिणींबरोबर पाठीवर सॅक टाकून ती कुठल्याशा शहरात फिरून आली होती. उतरायचं ठरलेलं नाही, खायचं ठरलेलं नाही. तू चष्मा कपाळावर सारून फार वेळ ते फोटो बघितलेस. मग विचारलंस, 'आन् ह्या पोरींला कुणी विचारत न्हाई, कुठं चालल्या म्हणून?' मीरा म्हणाली, नाही. तू म्हणालीस, 'मग मला बी जायचंय.'

आम्ही हसलो. तू हसली नाहीस. मुलं परत जाताना दोन जुन्या सॅक मागे ठेवून गेली. तिसरी नसीमने आपल्या नातवाची शाळेची उचलली, तिच्यावर सिंहाचं कार्टून होतं. नसीम म्हणजे आपल्या गल्लीतली तिसरी. उर्दू शाळेत शिकवून निवृत्त झालेली आणि आपल्या दोघींची भांडणं सोडवता सोडवता म्हातारी झालेली. गाव तू निवडलंस. हैदराबाद लई लांब, पुणं लई शहाणं, नांदेड बरं, असं म्हणालीस.

मी नियम केले. कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात माझा जन्म गेला. नियमाशिवाय मला उंबरा ओलांडता येत नाही. दोनच जोड कपडे. भाडं ठरवल्याशिवाय रिक्षात पाय ठेवायचा नाही. वेगळ्या झालोच तर संध्याकाळी नदीच्या घाटावर भेटायचं. आणि नातेवाइकांच्या घरी जायचं नाही, उतरायला नाही आणि चहालाही नाही. हा शेवटचा नियम सगळ्यांत महत्त्वाचा होता. आपल्याकडे नात्यात गेलेली बाई पाहुणी राहतच नाही. चहाला आधण येईपर्यंत ती लसूण सोलायला बसलेली असते. नसीमची नणंद नांदेडला असते. तिच्या बिर्याणीसाठी नसीमने माझ्याशी बरीच हुज्जत घातली. तू मात्र लगेच म्हणालीस, 'बरं मॅडम.'

तुझ्या त्या लगेच हो म्हणण्याचं कारण मला ठाऊक आहे असं मला वाटलं. मुलांना ते सांगायला हवं.

शकूआजीचा धाकटा भाऊ, विश्वनाथ, नांदेडला असतो. त्यांची आई त्याच्याकडेच होती आणि काही वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात तिथेच वारली. शकू मिळेल त्या बसने निघाली. लोह्याच्या अलीकडे बस बंद पडली. आपल्याकडे अग्नी देतात. लिंगायतांमध्ये माणसाला आसनावर बसवतात, फुलं वाहतात, आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. शकू पोचली तेव्हा माती ओढून झाली होती आणि पुरुष अंगणात पाय धूत होते. तिने भावाच्या घरात पाण्याचा घोटही घेतला नाही. आली तशी स्टँडवर परत गेली. त्यानंतर पंचमीला भाऊ न्यायला आला तर ती दाराआड बसून राहिली. नंतर त्याने येणंही सोडलं. तिच्या तोंडी त्याचं नाव उरलं नाही. तो 'नांदेडवाला' झाला.

हे सगळं डोक्यात ठेवून मी तुझ्याबरोबर नांदेडच्या स्टँडवर उतरले.

काय तो गोंगाट, शकू. रिक्षावाल्यांनी आपल्याला असं घेरलं की नसीमने सिंह पोटाशी धरला. तू तर तिथेच थांबून बघत राहिलीस. निळ्या-केशरी पगड्यांचे घोळके, पंजाबातून आलेल्या बायका, फळांचे गाडे, कंडक्टरांच्या हाका. पहिल्या लॉजवर गल्ल्यावरच्या माणसाने आपल्या तिघींच्या मागे बघितलं, मग दाराबाहेर बघितलं, आणि विचारलं, सोबत कोण हाय? नसीम म्हणाली, 'आम्हीच की एकमेकींच्या.' त्याला ते पटलं नाही. दुसऱ्या लॉजवाल्याने घरून पळून तर आला नाहीत ना, असं अगदी हळू आवाजात, आपल्याला कमीपणा वाटू नये अशा बेताने विचारलं. तू म्हणालीस की हौ, पळूनच आलाव, पण आम्हाला शोधायला कुणी येणार न्हाई, तुम्ही काळजी करू नका. शेवटी गुरुद्वाऱ्याजवळच्या एका यात्री निवासात खोली मिळाली. तिथे आपल्या वयाच्या शंभर बायका होत्या आणि कुणालाच आपलं काही वाटलं नाही.

सकाळी तू पूजेला व्हरांड्यातच बसलीस. खोलीत उजेड कमी होता. डाव्या तळहातावर लिंग, कपाळाला विभूती, आणि आजूबाजूने बादल्या, मुलं, ओले कपडे. एक पंजाबी आजी जाता जाता थांबली. तुझी पूजा होईपर्यंत चपला हातात घेऊन उभी राहिली. मग तिने काहीतरी विचारलं आणि तू काहीतरी सांगितलंस. तिला मराठी येत नव्हतं, तुला पंजाबी. पण दोघी बराच वेळ बोललात. मी नंतर विचारलं, काय म्हणत होती गं? तू म्हणालीस, तिच्या गुडघ्याचं सांगत होती.

त्या दिवशी इतवाऱ्याच्या बाजारात आपण तीनदा त्याच चौकात आलो. मीराने सांगितलं होतं की गर्दीत सॅक पोटावर घ्यायची, म्हणून आपण तिघी सॅक पोटावर बांधून चालत होतो. एका पानवाल्याने आपल्याला बघून बाजूच्याला काहीतरी म्हटलं आणि दोघे हसले. तू मागे फिरून त्याला विचारलंस की बाबा, नीट दिसायलो का आम्ही? तो उठून उभाच राहिला. मग त्यानेच रस्ता दाखवला.

संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बसलो असताना मी माझाच नियम मोडायला निघाले. नदीला पाणी बरं होतं. नसीम फुटाणे आणायला गेली होती. मी म्हणाले की शकू, नियम तुला लागू नाही. इतक्या जवळ आलीस, उद्या जा विश्वनाथकडे. तू पाण्याकडे बघत म्हणालीस, 'माझ्या आईचं तोंड दाखवलं न्हाई त्यानं.' मी म्हणाले की उन्हाळा होता, चार मोठी माणसं घाई करत असतील, त्यालाही काही कारण असेल. तू एकदम माझ्याकडे वळलीस. 'तुमा इंग्रजी शिकलेल्यांचं लई बरं असतंय. दोन्ही बाजू दिसतेत तुम्हाला. मला एकच बाजू हाय, तिच्यात माझी आई हाय.'  आपलं ते भांडण तिथेच थांबलं. मी ते लातूरला गेल्यावर पुरं करणार होते. काय काय बोलायचं ते मी मनात मांडूनही ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू गायब झालीस. बांगड्यांच्या गल्लीत होतीस आणि मग नव्हतीस. फोन बंद. नसीम आणि मी प्रत्येक दुकानात डोकावलो. मी पोलिसांकडे जाऊ म्हणत होते. नसीम म्हणत होती, 'बाई, ती हरवणारी न्हाई, दुसऱ्याला हरवणारी हाय.' संध्याकाळी घाटावर गेलो तर तू आधीच पायरीवर बसलेली. मी तुला बोलले, बरंच बोलले. नियम कशासाठी असतात ते सांगितलं. तू एकाही शब्दाला उलट बोलली नाहीस. बांगड्या बघता बघता लांब गेले म्हणालीस. हातात नवी बांगडी नव्हती. रात्री जेवायलाही आली नाहीस, भूक नाही म्हणालीस. तुला भूक नाही हे मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, तरी मी विचारलं नाही. मला वाटलं, माझ्या बोलण्याने दुखावलीस.

आणि सकाळी परतीच्या बसमध्ये तू खिडकीशी बसून माहूरचं ठरवत होतीस. पुढच्या वेळी रेणुकेच्या पायऱ्या चढायच्या, मग देवणीचा बैलबाजार बघायचा, मॅडमला बैलांची भीती वाटते म्हणून तर जायचंच. आणि मग ऊस. आणि मग तो फोन.

मी आले तेव्हा तुला भिंतीशी बसवलं होतं. पाठीला टेकण, मांडी घातलेली, कपाळ विभूतीने पांढरं, गळ्यात झेंडूचे हार. भजनी मंडळी आली होती. मुलांनो, तुम्हाला हे ऐकून भीती वाटेल, पण तसं काही नव्हतं. ती घरच्या दुकानात गल्ल्यावर बसायची तशीच बसली होती. म्हणून तर मला कळेना. बसलेल्या माणसाला गेलं म्हणायचं कसं? मी दारातच उभी राहिले. मला वाटत होतं की तू आता म्हणशील, ये मॅडम, उशीर केलास.

आत तुझा मुलगा महेश आणि त्याचे दोन चुलते ठरवत होते. मठाच्या जागेत खड्डा खणायला माणसं गेली होती. दुपार कलायच्या आत आटपायचं होतं. कुणीतरी लुगड्याचं काढलं. बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं वस्त्र माहेरचं लागतं. ते भाऊ आणतो. महेश म्हणाला की नांदेडच्या मामाला कळवायचं कारण नाही, आई त्यांचं नावसुद्धा घेत नव्हती, उदगीरहून तिचा चुलतभाऊ येतोय, तो आणील. चुलत्यांनी मान डोलावली. सगळं रीतसर होतं.

मी तुझ्याकडे बघितलं, शकू. तू काहीच बोलत नव्हतीस आणि तेच मला सहन होईना.

नसीमने मागून माझा पदर ओढला. 'बाई, तुम्ही बोला. तुमचं ऐकतेत.' मी बोलायचं म्हणजे काय? मी नात्यातली नाही, तुमच्यातली नाही. आणि तुझं मत तर मला स्वच्छ माहीत होतं, घाटावर माझ्या तोंडावर सांगितलं होतंस. मी बोलणार होते ते तुझ्याच विरुद्ध होतं. तरी मी महेशला म्हणाले की मामाला फोन कर आणि तो येईपर्यंत हिला हलवू नका.

 महेश नम्रपणे म्हणाला की काकू, तुम्हाला तर माहीत आहे आईला काय वाटायचं. मी म्हणाले, 'तिला राग होता तो तोंड बघायला मिळालं नाही याचा. आज तुम्ही तिच्या भावाला तेच करताय, आणि तेही तिच्या नावाने.'

एक चुलते म्हणाले की नांदेडहून यायला दुपार जाईल, मुहूर्त टळेल. तेव्हा कोपऱ्यात बसलेले जंगम स्वामी, ज्यांनी तुझे शेवटचे विधी करायचे होते, म्हणाले की माती कुठे पळून चालली नाही. सुवर्णाने मला नंबर लावून दिला. मी कोण ते सांगितलं, काय झालं ते सांगितलं.  मग विश्वनाथने एवढंच विचारलं, 'माझ्यासाठी थांबतेत का?' मी म्हणाले, थांबतील. कोणत्या अधिकाराने म्हणाले, मला माहीत नाही.

ती दुपार मी तुझ्याकडे पाठ करून बसले. तुझ्या तोंडाकडे बघायची छाती होत नव्हती. तू हयातीत जे नको म्हणालीस ते मी तुला बोलता येईना तेव्हा करून घेतलं, असं मला राहून राहून वाटत होतं. गल्लीतली माणसं डोकावून विचारत होती, निघायचं ना? महेश प्रत्येक वेळी माझ्याकडे बघे. मी मानेनेच नाही म्हणत असे. भजनी मंडळींनी एक फेरी संपवून दुसरी लावली. नसीमने कुठून तरी चहा आणून सगळ्यांना पाजला. उन्हं भिंतीवरून खाली उतरायला लागली. अहमदपूरजवळ रस्त्याचं काम चालू आहे, जीप अडकली आहे, असा निरोप आला तेव्हा चुलते उठून बाहेर गेले.

तो आला तेव्हा मी ओळखलं, कारण तुझंच नाक. पांढरा सदरा घामाने भिजलेला, छातीशी कागदात गुंडाळलेलं लुगडं. तो सरळ तुझ्यासमोर येऊन बसला. खाली मान घालून नाही, वर करून. बघतच राहिला.  मग महेश पुढे होऊन म्हणाला की मामा, तुम्हाला कळवायला जरा उशीर झाला. विश्वनाथ त्याच्याकडे न बघता म्हणाला, 'आली होती ती माझ्याकडं. परवा.'

शकू, मी तुझ्याकडे वळले.

त्याने सांगितलं ते असं. भर दुपारी दार वाजलं. उघडलं तर पोटावर थैली बांधलेली म्हातारी. त्याला वाटलं काहीतरी विकायला आली. नको म्हणून त्याने दार लोटलंसुद्धा. बाहेरून तू म्हणालीस, 'विश्या, पाणी तरी दे.' तू पाणी प्यालीस. मग त्याच्या स्वयंपाकघरात बसून भाकरी आणि मेथीची भाजी खाल्लीस, पुन्हा मागून घेतलीस. मग आईच्या त्या दिवसाचं सगळं विचारलंस. त्याने सांगितलं की थांबा, ताई निघाली आहे, असं तो सगळ्यांना म्हणत होता. म्हणता म्हणता दमला, आणि मग त्याने म्हणणं सोडलं. तू त्याला म्हणालीस, 'तुझ्या बाजूनं भांडायला तिथं कुणी नव्हतं, माझ्याकडं एक मॅडम हाय.' निघताना त्याने विचारलं की महेशला सांगू का तू आलतीस म्हणून? तू म्हणालीस, कुणाला बोलू नको. नातेवाइकाकडं जायचं न्हाई असा मॅडमचा नियम हाय. तिला कळलं तर पुढच्या गावाला मला नेणार न्हाई.

 मी तुला नेणार नव्हते, शकू? मी?

विश्वनाथ आता तुझ्याशीच बोलत होता. म्हणाला की पायरी उतरताना तू वळून त्याला म्हणाली होतीस, 'माझ्या टायमाला घाई करू नको. सावकाश ये. मी थांबते.' त्याला तेव्हा हसू आलं होतं. अजून पुष्कळ वर्षं आहेत, असं तो म्हणाला होता.

बायकांनी आडोसा धरून ते लुगडं तुला नेसवलं. हिरवं, बारीक काठाचं. मग मी पहिल्यांदा तुझ्यासमोर येऊन बसले आणि तुझ्या तोंडाकडे नीट बघितलं. बाहेर उन्हं गेली होती. सकाळपासून किती जण चला, चला म्हणून गेले होते. विश्वनाथने तुझ्या पायांवर डोकं ठेवलं, उठला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. तेव्हा मीच महेशला म्हणाले, चला आता.